सेल, मीटर आणि वही: वीज मुळापासून शिकायची तर

वीज शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी अडतो. एक तर सूत्रं पाठ होतात, पण हातात वायर आली की कुठे काय जोडायचं ते सुचत नाही. नाहीतर व्हिडिओ बघत बघत जोडणी होते, दिवाही लागतो, पण तो का लागला आणि उद्या लागला नाही तर कुठे बघायचं, हे सांगता येत नाही. मी दहावीनंतर वाणिज्य शाखेला गेले. वीज शिकले ती नोकरी लागल्यावर, घरच्या टेबलावर, स्वतःच्या आवडीने. या वाटेवर कुठे कुठे गोंधळ होतो ते ओळखीचं झालं आहे, म्हणून हा लेख.

माझी पद्धत एकच आहे आणि या लेखातली प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: जोडणी करण्याआधी मीटरवर किती आकडा येईल ते वहीत लिहायचं, मग मीटर लावायचा. आकडा जुळला तर पुढे जायचं. जुळला नाही तर तिथेच थांबून का जुळला नाही ते शोधायचं. माझ्या अनुभवात खरं शिक्षण या न जुळलेल्या आकड्यांतूनच होतं.

आणि एक अट. सगळे प्रयोग सेलवर करायचे. घरातल्या २३० व्होल्टच्या कुठल्याही तारेला, सॉकेटला, उघड्या बोर्डाला हात लावायचा नाही. शेवटच्या पायऱ्यांमध्ये घरातली वीज येते, तीही फक्त डोळ्यांनी बघण्यापुरती. ही अट मान्य नसेल तर एखाद्या परवानाधारक वायरमनच्या हाताखाली शिका, एकट्याने नको.

## काय काय लागेल

- डिजिटल मल्टीमीटर, जोडणी सलग असेल तर ‘बीप’ वाजवणारा
- एए आकाराचे चार अल्कलाइन सेल आणि चार सेलचा होल्डर (मिळून ६ व्होल्ट)
- ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडायचा भोकांचा बोर्ड) आणि त्यात खोचायच्या जंपर वायरी
- पाव वॉटचे रेझिस्टर (धारेला ठरावीक रोध करणारे छोटे भाग): १००, ४७० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम, १ मेगाओहम, प्रत्येकी चार-पाच
- लाल एलईडी, दहाएक
- १२ व्होल्ट ५ वॉटचा स्कूटरचा छोटा फिलामेंट बल्ब, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात मिळतो
- मगरीच्या जबड्यासारख्या चिमट्यांच्या वायरी, म्हणजे क्रोकोडाइल क्लिप
- वायर सोलायचा स्ट्रिपर, छोटी पक्कड
- रेघांची वही

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. इतर गावांत टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याला विचारा, तो कुठून माल आणतो ते सांगतो. ऑनलाइन तर मिळतंच. सगळ्यात जास्त खर्च मीटरचा. शिकण्यापुरता साधा मीटर चालतो, पण तो २३० व्होल्टवर वापरायचा नाही. त्यासाठी चांगल्या इन्सुलेशनचा, सुरक्षिततेची श्रेणी छापलेला मीटर लागतो.

सुटे लिथियम सेल सुरुवातीला आणू नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले तर मुळीच नकोत. दोन टोकं थेट जोडली जाऊन शॉर्ट झाले तर ते क्षणात इतकी धारा सोडतात की वायर लाल होते आणि सेल पेटू शकतो.

## १. तीन राशी आधी वेगळ्या करा

विद्युतदाब, विद्युतधारा आणि रोध. दुकानात यांनाच व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स म्हणतात आणि मोजमाप होतं व्होल्ट, अँपिअर, ओहम या एककांत. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात धाराविद्युतचं प्रकरण आहे. ते एकदा वाचून घ्या, शाळा सुटून कितीही वर्षं झाली असली तरी.

गोंधळ होतो तो एवढ्याच गोष्टीचा: दाब नेहमी दोन बिंदूंमध्ये असतो, धारा एका बिंदूतून वाहते. ‘या वायरमध्ये किती व्होल्ट आहेत?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशाच्या तुलनेत, ते सांगावं लागतं. हे एकदा मनात बसलं की मीटरच्या दोन काड्या कुठे ठेवायच्या ते आपोआप कळतं. दाब मोजताना काड्या वस्तूच्या दोन टोकांना लागतात. धारा मोजताना परिपथ, म्हणजे धारेची बंद वाट, एका जागी तोडून त्या फटीत मीटर बसवावा लागतो.

## २. मल्टीमीटरशी पुरती ओळख करून घ्या

या पायरीला वेळ द्या. इथे घाई केलेला माणूस पुढे चार ठिकाणी अडतो.

मीटरच्या चकतीवर सरळ रेघेचं आणि खाली तुटक रेघांचं चिन्ह म्हणजे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), नागमोडी रेघ म्हणजे एसी (दिशा बदलत राहणारी). सेलसाठी डीसी. काळी काडी नेहमी ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात. लाल काडीसाठी बहुतेक मीटरना दोन भोकं असतात: एक दाब, रोध आणि थोडी धारा मोजायला, दुसरं १० अँपिअरपर्यंतच्या धारेसाठी.

मीटरमधला सर्वांत धोकादायक सापळा याच दुसऱ्या भोकाचा. धारा मोजताना मीटर स्वतः जवळजवळ साध्या वायरसारखा असतो, त्याचा रोध नगण्य. लाल काडी १० अँपिअरच्या भोकात विसरून कुणी दाब मोजायला गेलं, तर मीटर दोन टोकं थेट जोडून टाकतो, म्हणजे शॉर्ट सर्किट. सेलवर हे झालं तर सेल तापेल. २३० व्होल्टवर झालं तर हातातला मीटर फुटू शकतो. म्हणून सवय लावा: धारा मोजून झाली की आधी लाल काडी परत दाबाच्या भोकात, मग पुढचं काम.

आता पहिली मोजणी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. वहीत लिहा: एका सेलचा दाब १.५. मोजा. नवा अल्कलाइन सेल १.५५ ते १.६ दाखवतो. टीव्हीच्या रिमोटमधून काढून टाकलेला जुना सेल शोधून तोही मोजा. तो १.३ दाखवेल आणि तुम्हाला वाटेल की सेल तर ठीक आहे. आता त्याच सेलला स्कूटरचा बल्ब जोडा आणि जोडलेला असतानाच दाब मोजा. बल्ब एवढ्या दाबावर नीट पेटणार नाही, पण धारा ओढेल आणि दमलेल्या सेलचा आकडा लगेच घसरेल. नव्या सेलचा फारसा घसरत नाही. सेलच्या आत स्वतःचा रोध असतो आणि सेल जुना होतो तसा तो वाढतो. मोकळ्या सेलवर घेतलेला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

बारीकसारीक, पण हमखास अडवणाऱ्या गोष्टी:

रोध मोजताना परिपथातून वीज काढलेली असली पाहिजे आणि वस्तूचं निदान एक टोक सुटं हवं, नाहीतर शेजारच्या भागांचा रोधही मोजला जातो.

१ मेगाओहमचा रेझिस्टर मोजताना दोन्ही हातांनी दोन टोकं धरू नका. तुमचं शरीर त्याला समांतर जोडलं जातं आणि आकडा कमी येतो.

बीप वाजला म्हणजे रोध शून्य असं नाही. काही मीटर तीस-पन्नास ओहमलाही वाजतात. लूज कनेक्शन शोधताना बीपवर न थांबता आकडा वाचा.

धारेच्या रेंजवर सतत शून्य येत असेल तर मीटरमधला फ्यूज उडालेला असतो. मीटर खोलून फ्यूज बघा, आणि त्याच क्षमतेचाच नवा घाला.

## ३. पहिला परिपथ: सेल, रेझिस्टर, एलईडी

एलईडीचा लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. लाल एलईडी पेटली की तिच्या दोन टोकांत साधारण २ व्होल्टचा दाब राहतो, धारा थोडी कमी-जास्त झाली तरी. म्हणून ती थेट ६ व्होल्टला जोडायची नाही. वरचे ४ व्होल्ट कुणीतरी घ्यायला हवेत, आणि ते काम रेझिस्टर करतो.

हिशोब वहीत करा. ६ वजा २ बरोबर ४ व्होल्ट. धारा हवी १० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर. ४ भागिले ०.०१ बरोबर ४०० ओहम. आपल्याकडे ४७० ओहमचा आहे, तो घ्या. मग धारा येईल ४ भागिले ४७०, सुमारे ८.५ मिलीअँपिअर.

रेझिस्टरवरचे रंगपट्टे असे वाचतात: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये पहिले दोन पट्टे अंक, तिसरा पुढे किती शून्यं ते सांगतो, चौथा सोनेरी असेल तर ५ टक्के फरकाची मुभा. ४७० म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी. पाच पट्टे असतील तर पहिले तीन अंक आणि चौथा शून्यांचा. अंधुक उजेडात लाल, नारिंगी आणि तपकिरी सारखेच दिसतात, तेव्हा रंग वाचले तरी मीटरने खात्री करून घ्या.

ब्रेडबोर्ड नव्या माणसाला फसवतो. मधल्या भागात पाच-पाच भोकं आडवी आतून जोडलेली असतात आणि मधली खाच दोन बाजू वेगळ्या करते. कडेच्या लांब पट्ट्या सेलच्या धन-ऋणासाठी असतात. काही बोर्डांत या लांब पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात आणि वरून ते सहज लक्षात येत नाही. अर्ध्या बोर्डावर सगळं चालतं, उरलेल्या अर्ध्यावर काहीच नाही, असं झालं की हेच कारण. बोर्ड आणल्या आणल्या बीपने तपासून त्याचा नकाशा वहीत काढून ठेवा.

जोडणी करा, एलईडी पेटेल. आता रेझिस्टरच्या दोन टोकांत दाब मोजा. वहीत ४ लिहिलेलं आहे, मीटर ४.४ दाखवेल किंवा त्याच्या आसपास. का? होल्डरच्या टोकांना मोजा, नव्या चार सेलचे मिळून ६.३ निघतात. एलईडीच्या टोकांना मोजा, १.९ निघतात. ६.३ वजा १.९ बरोबर ४.४. हिशोब बरोबरच होता, त्यात घातलेले आकडे ढोबळ होते.

आणि याच आकड्यातून धाराही मिळते: ४.४ भागिले ४७०, म्हणजे ९.४ मिलीअँपिअर. परिपथ तोडावा लागला नाही, लाल काडीचं भोक बदलावं लागलं नाही. ज्याचा रोध माहीत आहे अशा रेझिस्टरवरचा दाब मोजून धारा काढायची, ही युक्ती दुरुस्तीच्या कामात रोज लागते.

## ४. ओहमचा नियम, आणि तो जिथे फसल्यासारखा वाटतो ती जागा

जर्मनीतल्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये हा नियम मांडला: दाब बरोबर धारा गुणिले रोध. त्याच एलईडीसोबत ४७० च्या जागी १ किलोओहम, मग १० किलोओहम लावा. दर वेळी आधी धारा वहीत लिहा. साधारण ४.४ आणि ०.४५ मिलीअँपिअर येतील. अर्ध्या मिलीअँपिअरलाही एलईडी मंद का होईना पेटते, हे बघण्यासारखं आहे. शिवाय धारा वीसपटीने कमी झाली तरी एलईडीवरचा दाब जेमतेम एक-दोन दशांश व्होल्टने बदलतो, म्हणजे एलईडी ओहमचा नियम पाळत नाही.

आता स्कूटरचा बल्ब घ्या. त्यावर १२ व्होल्ट, ५ वॉट लिहिलेलं असतं. दाबाचा वर्ग भागिले वॉट केलं की रोध मिळतो: १४४ भागिले ५, म्हणजे २८.८ ओहम. वहीत लिहा. मग बल्ब मोकळा ठेवून मीटरने रोध मोजा.

दोन-तीन ओहम.

पहिल्यांदा असं वाटतं की मीटर बिघडला किंवा सूत्र चुकलं. मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवून बघा, त्यांचा स्वतःचा रोध काही दशांश ओहम येईल, तो वजा करा. तरी तफावत दहापट उरतेच. आता बल्ब चार सेलना जोडा आणि धारा मोजा, लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घालून. अडीच ओहमचा हिशोब धरला तर अडीच अँपिअरच्या जवळपास यायला हवेत. मीटर दाखवतो पाव अँपिअरच्या थोडं वर. सहा भागिले ०.२८ बरोबर एकवीस ओहम.

तीन आकडे, तीनही खरे. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि पांढरीशुभ्र तापेपर्यंत तो थंड असतानाच्या दहापटीवर जातो. २८.८ हा पूर्ण १२ व्होल्टवर तापलेल्या तारेचा, २१ हा ६ व्होल्टवर मंद तापलेल्या तारेचा, दोन-तीन हा थंड तारेचा. जुने पिवळे बल्ब बहुधा स्विच दाबतानाच का जायचे, तेही यातून कळतं: थंड तारेतून पहिल्या क्षणी कितीतरी जास्त धारा जाते.

माझ्या मते हा बल्बचा प्रयोग अख्ख्या यादीतला सगळ्यात मोलाचा आहे. दुसरं काही जमलं नाही तरी हा कराच.

## ५. एकसर आणि समांतर

१ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा, रोध २ किलोओहम. शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडची टोकं एकमेकांना जोडा, ५०० ओहम. पहिली जोडणी एकसर, दुसरी समांतर. एकसर जोडणीत दोघांतून धारा एकच जाते आणि दाब वाटला जातो. समांतर जोडणीत दाब एकच असतो आणि धारा वाटली जाते. गुस्टाव किरचॉफ यांनी १८४५ मध्ये हेच दोन नियमांत बांधलं: बिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते, आणि बंद फेरीतल्या दाबांची बेरीज शून्य होते. घरातली सगळी उपकरणं समांतर असतात, म्हणूनच पंखा बंद केला तरी दिव्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळत राहतात.

आता एक फसवा प्रयोग. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडून ६ व्होल्ट द्या. प्रत्येकावर ३ व्होल्ट यायला हवेत, तसं वहीत लिहा. साध्या मीटरने मोजा. अनेक स्वस्त मीटर तिथे २ व्होल्टच दाखवतात! कारण दाब मोजताना मीटरचा स्वतःचा रोध १ मेगाओहम असतो आणि तो तुमच्या रेझिस्टरला समांतर बसतो. एका बाजूचा रोध अर्धा मेगाओहम होतो, आणि सहाचा तिसरा हिस्सा तिथे पडतो. १० मेगाओहमचा चांगला मीटर असेल तर २.८६ च्या आसपास दिसेल. दोन रेझिस्टर १ किलोओहमचे असते तर हा फरक कळलाही नसता. मीटर लावला की तोही परिपथाचा भाग होतो, हे इथे आकड्यात दिसतं.

## ६. वॉट आणि युनिट

दाब गुणिले धारा म्हणजे शक्ती, वॉटमध्ये. १०० ओहमचा रेझिस्टर थेट ६ व्होल्टला जोडला तर धारा ६० मिलीअँपिअर आणि शक्ती ०.३६ वॉट. आपले रेझिस्टर पाव वॉटचे, म्हणजे तो सोसेल त्यापेक्षा जास्त तापणार. काही सेकंद जोडून हात जवळ न्या, पण बोट टेकवू नका. ‘ओहम बरोबर आहेत, तरी रेझिस्टर काळा का पडला’ याचं उत्तर बहुतेक वेळा वॉटमध्ये असतं.

घरातलं मोजमाप याच हिशोबाचं. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर घेते, २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर. म्हणून गीझरला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं, ६ अँपिअरचं छोटं चालत नाही.

कशालाही हात न लावता हे पडताळता येतं. वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं. अनेक मीटरवर ३२०० असतं, तुमच्या मीटरवरचा आकडा बघून घ्या. घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री लावा आणि मिनिटभर मोजा. ३२०० भागिले ६० म्हणजे मिनिटाला ५३ वेळा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो, तेव्हा इस्त्रीवरचा दिवा चालू असतानाच मोजा. मीटर जिन्याखाली असेल तर घरातल्या कुणाला तरी फोनवर ठेवून मोजणी करा.

फ्रिज, पंखा, जुना टीव्ही एकेक करून असेच मोजले की बिलातला आकडा कुठून येतो ते उघड होतं.

## ७. २३० व्होल्ट वेगळे का

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी पुरवठा येतो. दाब सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी घेतो आणि त्याचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं. २३० हा त्याच्या परिणामाचा, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसी दाबाचा आकडा.

सेलच्या टोकांना हात लावला तर काही होत नाही, मग इथे जीव का जातो? मीटर रोधाच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा आणि दोन काड्यांची टोकं दोन हातांच्या बोटांत धरा. कोरड्या बोटांना काही लाख ओहम येतील. बोटं ओली करून पुन्हा धरा, आकडा धडाधड खाली येईल. पण या आकड्यांवर २३० व्होल्टचा हिशोब कधीही करू नका. एवढ्या दाबाला त्वचेचा रोध कोसळतो आणि आतल्या शरीराचा हजार-दीड हजार ओहमच उरतो. २३० भागिले १५०० केलं की दीडशे मिलीअँपिअर येतात.

आता वहीतलं तिसऱ्या पायरीचं पान उघडा. तिथे एलईडी ९.४ मिलीअँपिअरवर पेटली आहे. साधारण तेवढ्याच धारेला हाताचे स्नायू आखडू लागतात, आणि त्याहून थोडी जास्त झाली की पकडलेली तार सोडता येत नाही. ३० मिलीअँपिअरच्या पुढे धारा थोडा वेळ छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. दीडशे म्हणजे त्याच्या पाचपट.

कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

## ८. घरातला डीबी वाचा, झाकण न उघडता

डीबी म्हणजे घरात वीज जिथून वाटली जाते तो मुख्य बोर्ड. त्यावर डोळे फिरवा. त्यातल्या एमसीबीवर, म्हणजे धारा जास्त झाली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, सी १६, सी १०, बी ६ असं लिहिलेलं असतं. आकडा अँपिअरचा. अक्षर शॉर्टच्या वेळी किती पट धारेला तो ताबडतोब पडेल ते सांगतं: बी असेल तर तीन ते पाच पट, सी असेल तर पाच ते दहा पट.

एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. माणसाचं रक्षण करायला तो फार उशिरा पडतो, कारण १६ अँपिअरच्या खूप आधी माणूस गेलेला असतो. माणसासाठी आरसीसीबी, ज्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं आणि ‘टी’ किंवा ‘टेस्ट’चं बटण असतं. फेजमधून (घरात वीज आणणारी तार) गेलेली आणि न्यूट्रलमधून (परतीची तार) परतलेली धारा तो सतत ताडून बघतो आणि ३० मिलीअँपिअरपर्यंतचा फरक पडला की पुरवठा तोडतो. तुमच्या डीबीत तो आहे का, हे आजच बघा. असेल तर महिन्यातून एकदा बटण दाबा, तो पडला पाहिजे. नसेल तर बसवून घ्या. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि जमिनीत धारा गेली नाही, तर आरसीसीबीला माणूस आणि बल्ब यांतला फरक कळत नाही.

लोक सर्रास करतात ती घातक गोष्ट: १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा लावतात. भिंतीत वायर अडीच स्क्वेअर एमएमचीच असते. आता तिच्या सोसण्यापलीकडे धारा गेली तरी एमसीबी पडत नाही, वायर आतल्या आत तापत राहते. एमसीबी पडतोय म्हणजे तो काम करतोय. भार कमी करा किंवा वायरमनला बोलवून दोष शोधा.

दुसरी गोष्ट टेस्टरची. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर सुरक्षित, असं धरू नका. आतला नियॉनचा दिवाच खराब असेल, तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल, तरी तो लागत नाही. आणि कधी कधी टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. तेव्हा ‘दोन फेज आले’ म्हणतात, पण बहुधा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो: चालू ठेवलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज पलीकडच्या न्यूट्रलच्या तुकड्यावर येऊन थांबलेला असतो. एकसर जोडणीचा विचार करा, तुटलेल्या फेरीत धारा नसते, त्यामुळे दिव्यावर दाब पडत नाही आणि पूर्ण दाब पुढच्या टोकापर्यंत पोचतो. हे टेबलावर सेल आणि रेझिस्टर घेऊन करून बघा: ऋण बाजूची वायर काढा आणि रेझिस्टरच्या मोकळ्या टोकापासून सेलच्या ऋण टोकापर्यंत दाब मोजा. पूर्ण ६ व्होल्ट दिसतील.

दिव्याचा स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तरी असंच होतं. दिवा बंद दिसतो, होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. म्हणून बल्ब बदलतानाही मेन बंद करायचा.

## ९. इथून पुढे

वायरिंगच्या कामात उतरायचं असेल तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, दहावीनंतर प्रवेश मिळतो. घरातलं वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं असतं आणि वरच्या आठ पायऱ्या केल्याने तो परवाना मिळत नाही. एवढं मात्र होतं की वायरमन काय करतोय ते कळतं आणि त्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

इलेक्ट्रॉनिक्सकडे जायचं असेल तर लगेच मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम घालून चालवायची संगणकासारखी चिप) घेऊ नका. आधी कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), मग डायोड, मग ट्रान्झिस्टर. कपॅसिटरची सुरुवात अशी करा: १००० मायक्रोफॅरडचा, १६ किंवा २५ व्होल्टचा एक कपॅसिटर आणा. १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून तो ६ व्होल्टला जोडा, त्याच्या टोकांना मीटर लावा, आणि मोबाइलवर घड्याळ सुरू करा. रोध गुणिले कपॅसिटन्स बरोबर १० सेकंद. तेवढ्या वेळात तो अंतिम दाबाच्या ६३ टक्क्यांवर, म्हणजे ३.८ व्होल्टच्या आसपास पोचायला हवा. असल्या कपॅसिटरची किंमत छापील आकड्यापासून वीस टक्के इकडेतिकडे असू शकते, तेव्हा ८ ते १२ सेकंदांत काहीही आलं तर ते बरोबर धरा. जोडताना पट्टा असलेला पाय ऋण बाजूलाच हवा. उलटा जोडला तर तो आतून खराब होतो, आणि जास्त दाबावर फुटतोही.